नवरा-बायको डावीकडे ठेवा

"मिरी ते पा दामुल मी डोळ्यांवर पट्टी बांधून नेईन," पारान तागाल वैमानिकाला म्हणाला. "तू फक्त दांडा धरून बस. डावं-उजवं मी सांगतो."

हे बोलताना तो तांदूळ तोलायच्या काट्यावर उभा होता आणि काटा ब्याण्णव किलो दाखवत होता.

वैमानिकाचं नाव उंगात. जातीनं इबान, गाव खाली नदीकाठी, वय तीस. डोंगरावरच्या फेऱ्या करायला लागून त्याला तीन आठवडे झाले होते. मिशनचं सहा आसनांचं एका पंख्याचं ते विमान म्हणजे पाठीला पंख लावलेली जुनी जीप होती. त्यात किलो न् किलो मोजून घ्यावा लागायचा.

"काका, वीस किलो जास्त होतंय," उंगात म्हणाला.

"आत्याचं किती भरलं?"

"अडतीस."

"मग झालं की! माणशी सत्तर धर. तिचे बत्तीस उरले, ते मला दे."

रिनाइ आत्या बाकावर बसून हे ऐकत होती. समुद्रकाठच्या मिरी शहरातल्या इस्पितळात मोतीबिंदू काढून ती डोंगरावर, पा दामुलला, परत निघाली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यावर नवा चष्मा. "घे बाबा गालिह, घे," ती म्हणाली. "जन्माला आलास तेव्हापासून माझ्या वाट्याचंच खातोयस."

गालिह हे त्याचं लहानपणीचं नाव. मुलगा झाल्यावर त्यानं ते टाकलं आणि पारान तागाल झाला, त्यालाही आता अठ्ठावीस वर्षं झाली. आत्या मात्र अजून तिथंच अडकली होती. आणि आता तर तेही नाव जुनं व्हायची वेळ आली होती. आमच्या केलाबित जमातीत पहिलं नातवंड झालं की आजा-आजीनं मिळून नवं नाव घ्यायचं असतं. गावाला डुकराचं जेवण घालायचं, भेटी वाटायच्या, मग वडीलधाऱ्यानं उभं राहून नाव पुकारायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात ते परत म्हणायचं. एकदा म्हटलं की संपलं. मरेपर्यंत तेच.

आज पा दामुलला पारान तागालचं नावजेवण होतं. बायको सुपांग महिनाभर आधीच जाऊन तयारीला लागली होती. आणि नाव पुकारणार होता चुलतभाऊ मारान दादा. खरी धास्ती तिथंच होती. यजमान हजर असला तर त्यानं कानात सांगितलेलं नाव पुकारायचं, आणि नसला तर पुकारणाऱ्याची मर्जी. मारान दादाची मर्जी काय असते ते सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. गेल्या वर्षी दाढ दुखते म्हणून घरी राहिलेल्या एका भल्या शाळामास्तराला त्यानं 'सुजलेला गाल' करून ठेवलं होतं. मास्तर आता त्याच नावानं पगारावर सही करतो.

पारान तागालनं आपलं नाव चार महिने आधी ठरवलं होतं. बालांग लांगित. आकाशातला वाघ. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त मिरीतल्या चिनी दुकानदाराला, कारण पाहुण्यांना वाटायच्या दोनशे पांढऱ्या मगांवर निळ्या अक्षरांत ते नाव काढून घ्यायचं होतं. तीन खोकी भरली होती.

"मगांचं एक खोकं ठेवा मागं," उंगात म्हणाला.

"खोकं नाही. बॅग ठेव."

बॅगेत त्याचा कोट, पँट, बूट आणि टाय होता. बॅग मिरीत राहिली. आकाशातला वाघ बनियनवर फुलाफुलांचा सदरा, अर्धी चड्डी आणि रबरी चपला अशा वेषात विमानात चढला, वैमानिकाच्या शेजारी. आत्या मागं, मगांच्या खोक्यांत खोचून. उंगातनं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. पारान तागालनं मोठ्यानं आमेन म्हटलं. दहाला निघायचं विमान बाराला उडालं.

अर्धा तास सगळं झकास होतं. खाली जंगल, मधून मधून गढूळ नदी. पारान तागाल बोटानं एकेक दाखवत होता. नोकरीची तीस वर्षं त्यानं मिरीतल्या तेलाच्या कचेरीत नकाशांचं कपाट सांभाळलं होतं. नकाशा कुणी मागितला की काढून द्यायचा, संध्याकाळी परत ठेवायचा. नकाशे इतक्या वेळा उचलल्यावर रस्ते हातात बसतात असं त्याचं म्हणणं होतं.

"हे बघ, पुढं दोन सुळके येतील. बातू लावी. एक उंच, एक बुटका. आम्ही नवरा-बायको म्हणतो. नवरा-बायको डावीकडे ठेवायचे आणि नाकासमोर जायचं. बास."

"नकाशात इथं नुसतं पांढरं दाखवलंय, काका."

"पांढरं म्हणजे ते मला विचारायचं राहिलं."

नवरा-बायको आले. अगदी डावीकडे, ऐटीत. पारान तागालनं मागं वळून आत्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. तेवढ्यात ढग आला आणि बायको गेली. मग नवराही गेला. मग विमानाचा पंख दिसेना.

पाऊस काचेवर मूठमूठ वाटाणे फेकल्यासारखा वाजायला लागला. विमान एकदा इतकं खाली बसलं की चड्डीतला पारान तागाल तेवढा वरच राहिला. खोक्यांतले दोनशे मग एकदम खणखणले.

"वळतो," उंगात म्हणाला. "ढगाच्या कडेनं जाऊ."

"वळ, पण उजवीकडून वळ."

उजवीकडून वळले. तिकडे ढग आणखी काळा होता म्हणून डावीकडून वळले. मग पारान तागाल म्हणाला की दोनदा वळलो म्हणजे हिशेब फिटला, आता सरळ. उंगातचं म्हणणं होतं की तीनदा वळलो. आत्या म्हणाली, चारदा, आणि चौथ्या वेळी मला ओकारी आली होती ती मी गिळली.

वीस मिनिटांनी ढग फाटला आणि नवरा-बायको दिसले. उजवीकडे.

"हे इकडे कसे आले?" उंगातनं विचारलं.

पारान तागालनं डोळे चोळले. नवरा तोच होता. बायकोही तीच. "हे ते नव्हेत," तो म्हणाला. "हे दुसरे असणार."

"अशी किती जोडपी आहेत इथं?"

"मला काय माहीत! डोंगर काय नोंदणी करून लग्न करतात?"

तेवढ्यात खाली ढगाला भोक पडलं. भोकात गवताची धावपट्टी, तिच्या कडेला अख्खं गाव एका छपराखाली राहतं ते लांबघर, त्याचा पत्रा, चुलींचा धूर आणि वर बघून हात हलवणारी मुंग्यांएवढी माणसं.

"आलं!" आत्या ओरडली. "गालिह, अरे हेच की! ती बघ सुपांग, कमरेवर हात ठेवून उभी."

"आत्या, तुझा एक डोळा बांधलाय आणि दुसरा आठ दिवसांचा आहे."

"कमरेवर हात ठेवलेली तुझी बायको ओळखायला डोळे कशाला लागतात?"

उंगातनं घिरटी घातली. "काका, उतरू?"

पारान तागाल फार विचारात पडला. खाली पाहिलं तर पा दामुल वाटत होतं. पण पा दामुलला येताना नवरा-बायको डावीकडे पाहिजेत, आणि हे तर उजवीकडे. आपण उलट्या बाजूनं तोंड करून आलो असू हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नकाशाचं उत्तर टोक नेहमी वरच असतं अशी तीस वर्षांची सवय.

दुसरी घिरटी झाली. खालची माणसं आता कापडं हलवत होती.

"उतरू का?"

"थांब रे, विचार करू दे."

तिसरी घिरटी झाली. "नाही," पारान तागाल म्हणाला. "हे आपलं नव्हे. पुढं चल." आणि विमान पुढं गेलं. आत्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. आता बघून तरी काय करायचं, म्हणाली.

भोक मिटलं. पुन्हा पांढरं. उंगातनं पेट्रोलच्या काट्यावर टिचकी मारली, मग पुन्हा मारली. "काका, यापुढं जी पट्टी दिसेल ती आपली," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात वैमानिक बोलला.

पट्टी दिसली. पावसात भिजलेली, हिरवीगार. बाजूला लांबघर, आणि त्याच्यापुढं बांबूचा मांडव, रंगीत कागदाच्या पताका, उलटी टांगलेली दोन डुकरं आणि शेदीडशे माणसं.

पारान तागालनं काचेवर बोट आपटलं. "माझा मांडव! बघ उंगात, बघ! बोललो होतो ना?"

शाळांना सुट्टी लागली की सगळ्या डोंगरात नावजेवणांचा नुसता सपाटा असतो, एका आठवड्यात पाच-पाच गावांत मांडव पडतात. हे त्याला बाळपणापासून ठाऊक होतं. पण स्वतःचा मांडव डोक्यात असला की माणसाला दुसऱ्याचा सुचत नाही.

विमान उतरलं, चिखलातून थोडं आडवं गेलं आणि एका अननसाच्या वाफ्यात नाक घालून थांबलं. माणसं धावत आली. कुणी पारान तागालला मिठी मारली, कुणी हात धरला, कुणी छत्री. "आलास का बाबा! एवढ्या पावसात!" आमच्या डोंगरात कुठंही उतरलात तरी निम्मं गाव नात्यातलंच निघतं, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चार जणांनी मगांची खोकी उचलली आणि मांडवात नेली. भेटी आल्या की थेट मांडवात जातात. विचारायची पद्धत नाही.

"किती बदललंय गाव," पारान तागाल भारावून म्हणाला. तो सहा वर्षांनी येत होता. "लांबघरसुद्धा नवं बांधलं."

"हो ना," आत्या म्हणाली. "नदी पण उचलून या बाजूला आणून ठेवली."

मांडवात एका बाईनं त्याच्या हातात बाळ दिलं. "घ्या, आजोबा." त्याचे डोळे भरून आले. त्यानं नातवाचा मुका घेतला, दुपटं जरा बाजूला केलं आणि पुन्हा झाकलं.

"ही मुलगी आहे," तो म्हणाला.

"मग? काय असायला पाहिजे होतं?"

"मला मुलगा झाल्याचं कळवलं होतं."

"कुणी कळवलं बाई?" ती म्हणाली. "हिची आई तर जन्मल्यापासून हिला मुलगीच म्हणते."

पारान तागालनं बाळ परत दिलं. डोक्यात गरगरत होतं, ते विमानाचं की आणखी कशाचं, कळेना. त्यानं शेजारच्या एकाला विचारलं, "सुपांग कुठाय?"

"बायका सगळ्या चुलीपाशी."

"बरं. मला जरा कपडे बघा कुणाचे तरी. असा कसा बसू पुढं?"

"बसा हो तसेच. यजमान कुठं आलाय अजून? आंघोळ करतोय."

पारान तागाल थबकला. यजमान तर मी. मग आंघोळ कोण करतंय?

आंघोळ करून आला तो दारे रिबुह, त्याच्या आईच्या मावसबहिणीचा मुलगा. केस ओले, अंगात कोट, टाय, पायांत बूट. "अरे पारान तागाल!" त्यानं गळ्यात गळा घातला. "आज तुझंही नावजेवण ना तिकडं? ते सोडून माझ्याकडे आलास? याला म्हणतात भाऊ!"

हे लोंग बेरान होतं. पा दामुल मागं राहिलं होतं, दोन डोंगर पलीकडे, कमरेवर हात ठेवून.

पारान तागालनं खोक्यांकडे धाव घेतली. खोकी रिकामी होती. दीडशे माणसं त्याच्या मगांतून चहा पीत होती, आणि उरलेले मग लोक घरी न्यायला काखेत मारून बसले होते. म्हातारा लुगून, या गावचा नाव पुकारणारा, हातातला मग डोळ्यांजवळ धरून अक्षरं लावत होता.

"बालांग लांगित," तो म्हणाला. "वा! दारे, तू आणि तुझी बायको सकाळपासून नावावरून भांडताय. तिला एक आवडेना, तुला दुसरं. इकडं बघा, देवानं वरून लिहूनच पाठवलंय!"

"थांबा!" पारान तागाल ओरडला. "आजोबा, ते माझं—"

"तूच आणलंस, माहीत आहे. बस, बस."

लुगून उभा राहिला, त्यानं मग वर धरला आणि नाव पुकारलं. दीडशे माणसं एका आवाजात म्हणाली, "बालांग लांगित!" दारे रिबुहची बायको आनंदानं रडली. तिला ते पहिल्या फटक्यात आवडलं होतं.

उंगात पानात बांधलेला मऊ भात खात होता. त्यानं हळूच विचारलं, "काका, तेच नाव तुम्हालाही घेता येत नाही का?"

"आज, एकाच दिवशी? लोक म्हणतील दारेचं उष्टं घेतलं," पारान तागाल म्हणाला. दारेनं त्याच्यापुढं डुकराच्या मानेचा मानाचा तुकडा ठेवला. तो त्यानं उंगातच्या पानात सरकवला.

लोंग बेरानच्या शाळामास्तरांच्या घरी रेडिओयंत्र होतं. साडेतीनला पा दामुल लागलं. पलीकडं सुपांग होती.

"कुठं आहात? ओव्हर."

"लोंग बेरानला. हवा खराब होती. ओव्हर."

"हवा? तीनदा डोक्यावरून गेलात तुम्ही! आम्ही चादरी हलवल्या, पाद्रीबाबांनी अंगातला झगा काढून हलवला. आणि तुम्ही पुढं निघून गेलात! दोनशे माणसांसमोर! ओव्हर."

"अगं, नवरा-बायको उजवीकडे होते."

"मी बायको खाली होते! ओव्हर."

मागं कुणीतरी हसलं. ते हसणं मारान दादाचं होतं. सुपांगचा आवाज खाली आला. "ऐका. दादांनी नाव काढलंय. 'वरनं फिरणारा'. सगळ्यांना फार आवडलंय, पोरं आत्तापासून म्हणतायत. म्हणजे मीही जन्मभर वरनं फिरणारी. मी कुठं फिरले हो? महिना झाला, मी त्या चुलीपुढून हललेली नाही. हातापाया पडून मी पाचपर्यंत वेळ मागून घेतलाय. पाचच्या आत तुमचे पाय इथं जमिनीला लागले तर तुमचं नाव तुम्ही सांगायचं. पण दादा म्हणतात, विमान न उतरता आणखी एकदा जरी वरनं गेलं, तर पाचची वाट बघणार नाही, तिथल्या तिथं पुकारणार. ऐकलंत? ओव्हर."

"ऐकलं."

"नाव तरी चांगलं ठरवलंय ना? ओव्हर."

पारान तागालनं दाराबाहेर पाहिलं. दारेची सून त्याच्या मगातून डुकराचं कालवण वाढत होती. "आता ठरवतो," तो म्हणाला. "ओव्हर."

दारेच्या माणसांनी विमान शेपटीकडून ओढून अननसांतून बाहेर काढलं. मिशननं तिथं ठेवलेल्या डब्यांतलं थोडं पेट्रोल उंगातनं ओतलं. मग सगळे ढगाकडे बघत बसले. चार वाजले. सव्वाचार. मग जसा आला होता तसाच, कुणालाही न विचारता, ढग उठून निघून गेला. चार पस्तीसला ते उडाले. या वेळी मग नव्हते, त्यामुळे विमान टुणकन वर गेलं.

"बारा मिनिटं," उंगात म्हणाला. "आता मी नकाशा बघतो. तुम्ही नाव बघा."

पारान तागालनं कपाळ दाबून धरलं. चार महिने एकच नाव घोकलेलं, दुसरं काही सुचेना. "आत्या, सुचव ना काही."

"'चुकलेला वाघ'."

"आत्या!"

"बरं, 'दुसऱ्याच्या जेवणाचा पाहुणा'."

"काका, 'सरळ जाणारा' कसं वाटतं?" उंगातनं विचारलं. पारान तागालनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं पुन्हा नकाशात डोकं घातलं.

नवरा-बायको आले. उन्हात न्हालेले, दोघंही स्पष्ट. कुठल्या बाजूला आहेत याबद्दल कुणीच काही बोललं नाही. त्यांच्या मागं डोंगरांची रांग पार सीमेपर्यंत गेली होती, एकामागं एक, निळी. आणि पारान तागालला एकदम सुचलं.

"राजा आपाद," तो म्हणाला. "डोंगररांगेचा राजा."

आत्यानं चष्मा डोळ्यावर चढवला. "हे बरंय," ती म्हणाली. "खरंच बरंय रे गालिह." तिनं त्याची कसलीही स्तुती केल्याची ही पहिलीच वेळ. "सुपांगलाही शोभेल."

"राजा आपाद," उंगात म्हणाला. "आधीच्यापेक्षा चांगलं आहे, काका."

पारान तागाल ताठ बसला. सदऱ्याची बटणं त्यानं गळ्यापर्यंत लावली. आधीचं नाव गेलं ते बरंच झालं असं त्याला वाटायला लागलं. आकाशातला वाघ म्हणजे काय, आकाशात वाघ कशाला जाईल?

पा दामुल दिसलं. धावपट्टीच्या कडेला सगळं गाव उभं होतं, पुढं मारान दादा, त्याच्या शेजारी सुपांग. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. उंगातनं विमान सरळ रेषेत धरलं, चाकं गवतापासून दोन पुरुष उंचीवर आली, पारान तागालनं दाराच्या कडीवर हात ठेवला.

उजवीकडच्या खाचरातून एक म्हैस चालत आली आणि धावपट्टीच्या मधोमध बसली.

उंगातनं दांडा ओढला. विमान म्हशीवरून, मारान दादावरून, सुपांगवरून आणि लांबघरावरून वर गेलं. खाली दोनशे माणसं एका आवाजात काहीतरी ओरडली. म्हैस हाकलायला सहा मिनिटं लागली. विमान चार वाजून चोपन्न मिनिटांनी उतरलं.